समुद्रात टक्कर टाळण्याचे नियम: मासेमारी नौकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण किनाऱ्यावरच्या यांत्रिक आणि शिडाच्या होड्यांचे तांडेल (होडी चालवणारे प्रमुख), खलाशी आणि नाखवा यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. नियमांचे क्रमांक जिथे उपयोगी आहेत तिथेच दिले आहेत.

हे नियम मोठ्या जहाजांचे आहेत. आमच्या दहा-बारा मीटरच्या होडीचा त्यांच्याशी काय संबंध?

पूर्ण संबंध आहे. हा आंतरराष्ट्रीय करार २० ऑक्टोबर १९७२ रोजी झाला आणि १५ जुलै १९७७ पासून लागू आहे. त्यात आज ४१ नियम आणि ४ परिशिष्टं आहेत. भारतात ते १९७५ च्या विनियमांमधून कायद्यात आले. पहिलाच नियम सांगतो की खुला समुद्र आणि समुद्रगामी नौका जाऊ शकतील असं त्याला जोडलेलं सगळं पाणी या नियमांखाली येतं. नौका म्हणजे पाण्यावर वाहतुकीला वापरता येणारी कुठलीही वस्तू. वल्ह्याची होडीसुद्धा त्यात आली, फक्त तिला दिव्यांबाबत सवलत आहे.

बंदराच्या हद्दीत बंदराचे स्वतःचे नियम असू शकतात, आणि तिथे आधी ते पाळायचे. मुंबई बंदर किंवा जेएनपीएच्या (न्हावा-शेवा बंदराच्या) पाण्यात होडी नेणाऱ्याने ते माहीत करून घ्यावेत.

एवढ्या नियमांत पहिला कोणता लक्षात ठेवायचा?

पाचवा. डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असलेल्या प्रत्येक साधनाने सतत पहारा. वाक्य छोटं आहे, पण टकरीनंतरच्या बहुतेक चौकशा शेवटी याच नियमाशी येऊन थांबतात.

मासेमारी नौकेवर पहारा ढिला पडण्याची वेळ ठरलेली असते. पहाटे परत येताना होडी जीपीएसच्या रेषेवर चाललेली असते, सगळे खलाशी मागे मासळी निवडत बसलेले असतात आणि तांडेल रात्रभर जागा असतो. डोक्यावरचे दिवे लख्ख पेटलेले असल्याने कोणालाच बाहेरचं काही दिसत नाही. इंजिनाच्या आवाजात भोंगाही ऐकू येत नाही. उपाय साधा आहे. एक माणूस नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर), इंजिनापासून लांब, हातात दुसरं काहीही काम नसलेला. त्याची पाळी एक-दीड तासाची ठेवा, त्याहून जास्त वेळ नजर टिकत नाही. केबिनच्या खिडकीतून पाहणाऱ्याने अधूनमधून डोकं बाजूला न्यावं. चौकटीच्या एका खांबामागे अख्खं जहाज लपतं, आणि नेमकं टकरीच्या मार्गावरचं जहाजच त्या खांबामागून हलत नाही.

जहाज आपल्यावरच येतंय की बाजूने जाणार, हे ओळखायचं कसं?

त्याची दिशा बदलतेय का ते पाहा. होकायंत्रावर ते जहाज कुठल्या अंशावर आहे ते वाचा, दोन मिनिटांनी पुन्हा वाचा, मग तिसऱ्यांदा. अंश जवळपास तोच आणि जहाज मोठं होत चाललेलं, म्हणजे टकरीचा धोका आहे. अंश सारखा मागच्या बाजूला सरकत असेल तर ते तुमच्या मागून जाईल, पुढे सरकत असेल तर पुढून.

होकायंत्र हाताशी नसेल तर आपल्या जागेवरून न हलता जहाज होडीच्या एखाद्या खांबाशी किंवा दोराशी जुळवून पाहा. मात्र सुकाणू त्या वेळात एकाच दिशेला धरलेलं हवं. होडी वळवळत असेल तर हा अंदाज हमखास चुकतो.

दोन अपवाद आहेत. फार मोठं जहाज किंवा टगमागे (ओढणाऱ्या बोटीमागे) ओढला जाणारा बार्ज (मालाचा सपाट तराफा) जवळ असेल, तर अंश बदलत असूनही टक्कर होऊ शकते. जहाजाची नाळ पुढून गेली तरी शेपूट यायचंच असतं, आणि टग पुढे गेला तरी त्याच्यामागे दोर आणि बार्ज असतो. शंका असेल तर धोका आहे असंच धरायचं, असं नियम ७ स्पष्ट सांगतो.

रात्री यापेक्षा सोपी खूण असते. ५० मीटरपेक्षा लांब जहाजाला दोन पांढरे दिवे असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. दोन्ही एकावर एक आले आणि खाली जहाजाच्या डाव्या बाजूचा लाल व उजव्या बाजूचा हिरवा दोन्ही दिसले, की ते सरळ तुमच्यावर येतंय.

आमच्याकडे वेळ किती असतो?

वाटतो त्यापेक्षा कमी. १५ नॉटने (तासाला १५ सागरी मैल) येणारं जहाज मिनिटाला सुमारे ४६० मीटर कापतं. तुम्ही ८ नॉटने त्याच्या समोरून जात असाल तर दोघांमधलं अंतर मिनिटाला ७१० मीटरने घटतं, म्हणजे ३ सागरी मैल आठ मिनिटांच्या आत संपतात. होडीत उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोन मीटरवर असतील तर त्याचं क्षितिजच जेमतेम ३ मैलांवर असतं. जहाजाचा वरचा भाग त्याआधी दिसतो, पण पाहणारा असेल तर.

एवढं मोठं जहाज, वर रडार. त्यांना आम्ही दिसतोच ना?

या भरवशावर राहू नका. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून (जहाज चालवतात त्या उंच केबिनमधून) नाळेपुढचं पाणी दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हा आंधळा पट्टा जहाजाच्या दोन लांबी किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त नसावा. म्हणजे ५०० मीटरपर्यंत तो कायदेशीर आहे. १५ नॉटला ५०० मीटर म्हणजे एक मिनिट आणि वर चार-पाच सेकंद.

लाकडी आणि फायबरच्या होडीचा रडारवर ठिपका फिका येतो. लाटा उसळलेल्या असल्या की पडद्यावर त्यांचीच गर्दी होते, ती कमी करायला अधिकारी बटण फिरवतो आणि त्यात होडीचा ठिपकाही पुसला जातो. म्हणून पत्र्याचा रडार परावर्तक डोलकाठीवर जेवढा उंच बसेल तेवढा बसवा. एका कोपऱ्यावर टोकदार उभा न ठेवता, त्याचा एक खोलगट खळगा सरळ आकाशाकडे, पाऊस झेलायला धरल्यासारखा राहील असा बांधा. उलटा बांधलेला परावर्तक निम्मं काम करतो. पत्रा चेपला असेल तर बदला, त्याच्या कोनांचीच सगळी करामत असते.

एआयएस (आपली जागा आणि ओळख आसपासच्या नौकांना आपोआप कळवणारं यंत्र) असेल तर चालू ठेवा. २० मीटरपेक्षा मोठ्या मासेमारी नौकांना ते सक्तीचं आहे. आपली जागा इतर बोटींना कळू नये म्हणून ते बंद करणारे असतात. मासळी लपते, पण होडीही लपते.

वाट कोणी द्यायची?

दोन्ही यांत्रिक नौका असतील आणि एकमेकींना दिसत असतील, तर तीन प्रसंग होतात.

समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचं, म्हणजे एकमेकींचा लाल दिवा बघत पार व्हायचं. समोरासमोर आहोत की थोडं तिरपं, अशी शंका आली तर समोरासमोरच समजायचं.

मार्ग छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी दिसते तिने वाट द्यायची, आणि शक्यतो तिच्या पुढून जायचं नाही. रात्री तुम्हाला तिचा लाल दिवा दिसतोय, तर थांबणं किंवा वळणं तुमचं काम.

मागून येऊन ओलांडणारीने नेहमीच वाट द्यायची, मग ती शिडाची का असेना. मागून म्हणजे पुढच्या नौकेच्या आडव्या रेषेपासून २२.५ अंशांपेक्षा जास्त मागून. रात्री तिचा फक्त मागचा पांढरा दिवा दिसतो, लाल-हिरवा दिसत नाही. आणि एकदा ओलांडायला लागलात की पूर्ण पार होऊन लांब जाईपर्यंत जबाबदारी तुमचीच राहते. बाजूला आलो, आता मी त्याच्या उजव्या हाताला आहे, असा हिशेब मध्येच मांडता येत नाही.

आम्ही मासेमारी करतोय, म्हणजे जहाजानेच बाजूला व्हायचं. बरोबर?

अर्धं बरोबर. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि गैरसमजही यातच सगळ्यात जास्त आहेत.

नियम १८ नुसार यांत्रिक नौकेने मासेमारीत गुंतलेल्या नौकेला वाट द्यायची असते. पण ‘गुंतलेली’ म्हणजे जाळं, दोर किंवा ट्रॉल (नौकेमागे ओढायचं पिशवीसारखं जाळं) पाण्यात आहे आणि त्यामुळे तिला वळणं-थांबणं अवघड झालंय. जागेवर जाणारी, परत येणारी किंवा मासे शोधत फिरणारी ट्रॉलर ही साधी यांत्रिक नौका. मागे गळ ओढत जाणारी होडीही यात बसत नाही.

मासेमारी करतानाही काहींना तुम्हीच वाट द्यायची. ताब्यात नसलेली नौका (रात्री दोन लाल दिवे, दिवसा दोन काळे गोळे) आणि कामामुळे वळू न शकणारी नौका, उदाहरणार्थ गाळ काढणारं ड्रेजर (लाल-पांढरा-लाल). बुडी (पाण्याखालचा भाग) खोल असल्याने कडेला होता न येणाऱ्या जहाजाला तीन लाल दिवे किंवा एक काळा दंडगोल असतो. त्याच्या आड यायचं नाही.

अरुंद खाडी किंवा खणलेल्या चॅनेलमध्ये मासेमारीची नौका तिथून जाणाऱ्या कुठल्याही नौकेला अडथळा करू शकत नाही. २० मीटरपेक्षा लहान नौकांनी आणि शिडाच्या होड्यांनीही, फक्त चॅनेलमधूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाची वाट अडवायची नाही. गेटवेहून मांडवा किंवा घारापुरीकडे जाणाऱ्या लाँचना हे रोजचंच. चॅनेल ओलांडायचा तर तो मोकळा आहे हे पाहून, शक्य तितका काटकोनात.

बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली की एका नौकेपुरतं ते राहत नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलली, कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं. तरंगत्या कंटेनरांमुळे मुंबई आणि जेएनपीटी (आताचं जेएनपीए) दोन्हीकडची वाहतूक काही दिवस अडकली.

वाट द्यायची पाळी त्याची आहे आणि तो हलतच नाही. मग?

सुरुवातीला तुम्ही तुमची दिशा आणि वेग तसाच ठेवायचा. हे तुमचं कर्तव्य आहे. तुम्ही कुठे असाल हे त्याला धरता आलं तरच त्याला वळता येईल. तो काही करत नाही हे उघड दिसलं की पाच किंवा जास्त आखूड भोंगे द्या, रात्री टॉर्चचे पाच झटके त्याच्या ब्रिजच्या दिशेने. त्यानंतर तुम्ही स्वतः वळू शकता. आणि आता त्याच्या एकट्याच्या वळण्याने टक्कर टळणार नाही इतकं जवळ आलं की तुम्हाला वळावंच लागतं. तिथे ‘वाट माझी होती’ हे उत्तर चालत नाही.

वळताना डावीकडे वळू नका. तुमच्या डाव्या हाताने येणारं जहाज शेवटच्या क्षणी जागं झालं तर ते त्याच्या उजवीकडे वळेल, आणि तुम्ही दोघं एकाच जागी पोचाल. उजवीकडे मोठं वळण घ्या, गरज पडली तर पूर्ण गोल फिरा.

जाळं खाली असेल तर वेळ लागतो, म्हणून ट्रॉल ओढणाऱ्याने विचार दोन-तीन मैल आधीच करायचा. दोर कापायला धारदार कोयता विंचजवळ टांगलेला असू द्या.

वळायचं तर किती?

समोरच्याला नुसत्या डोळ्यांनी किंवा रडारवर चटकन कळेल इतकं. पाच-पाच अंश करत वळणं सगळ्यात वाईट, रात्री तर ते कोणालाच दिसत नाही. एकदम ३० अंश किंवा त्याहून जास्त वळा, म्हणजे त्याला तुमचा दिव्याचा रंग बदललेला दिसेल. मग जहाज पार होईपर्यंत पुन्हा जुन्या रेषेवर यायचं नाही.

आमच्या होडीवर कोणते दिवे हवेत?

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, आणि दिवसाही दिसत नसेल तेव्हा.

चालताना डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, प्रत्येक सरळ पुढून ११२.५ अंशांपर्यंत दिसणारा. मागे पांढरा, १३५ अंशांचा. डोलकाठीवर पुढे पांढरा, २२५ अंशांचा. १२ ते २० मीटरच्या नौकेचा हा डोलकाठीवरचा दिवा काठापासून किमान २.५ मीटर उंच हवा आणि ३ मैलांवरून दिसायला हवा. लाल-हिरवा २ मैलांवरून. १२ मीटरपेक्षा लहान होडी डोलकाठीवरचा आणि मागचा मिळून एकच सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा लावू शकते. वल्ह्याच्या होडीला वेळेवर दाखवता येईल असा हाताशी ठेवलेला टॉर्चही पुरतो.

ट्रॉल ओढताना हिरवा वर, पांढरा खाली, दोन्ही सगळीकडून दिसणारे. बाकी जाळ्यांना लाल वर, पांढरा खाली. २० मीटरपेक्षा लहान नौकेवर या दोन दिव्यांत किमान १ मीटर अंतर हवं, आणि खालचा दिवा काठापासून किमान २ मीटर वर हवा. नौका पाण्यातून पुढे सरकत असेल तर सोबत लाल-हिरवा आणि मागचा, जाग्यावर असेल तर नाही. ट्रॉल सोडून इतर जाळं १५० मीटरपेक्षा लांब पसरलं असेल तर जाळ्याच्या दिशेला आणखी एक पांढरा. मासेमारी संपली की हे दिवे बंद करायचे. ते लावून बंदराकडे पळणारी ट्रॉलर समोरच्याला खोटं सांगत असते.

बिघाड नेहमी ठरावीक जागी सापडतो. रंगकाम करताना काढलेले दिवे उलटे बसतात, लाल उजवीकडे जातो. जुन्या रंगीत काचेमागे पांढरा एलईडी बल्ब घातला की हिरवा निळसर दिसतो आणि लाल फिका पडतो, कारण ती काच पिवळट बल्बसाठी बनवलेली असते. खाऱ्या हवेने सॉकेट हिरवं पडतं आणि दिवा मंद होतो. निघायच्या आधी एकाने डिंगीतून किंवा धक्क्यावरून सगळे दिवे पेटलेले पाहावेत. होडीत बसून हे कळत नाही.

डेकवर भरपूर उजेड असेल तर जहाजाला आम्ही जास्त चांगले दिसतो ना?

काहीतरी दिसतं, पण काय आहे आणि कुठे चाललंय ते कळत नाही. त्या लखलखाटात लाल-हिरवा बुडून जातो. नियम २० सांगतो की ठरवलेल्या दिव्यांना झाकणारा किंवा पहाऱ्यात अडथळा आणणारा दुसरा दिवा लावायचा नाही. एलईडी लावून मासेमारी करण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली ती मासळीच्या साठ्यासाठी. पण तशा झगझगीत बोटीजवळून रात्री गेलेल्याला दुसरं कारणही माहीत आहे. कामाचे दिवे खाली झुकवा, त्यांना झापड लावा आणि काम संपलं की बंद करा.

जवळजवळ मासेमारी करताना एकमेकांना काय दाखवायचं?

ट्रॉलरनी जाळं टाकताना दोन पांढरे एकाखाली एक, ओढून घेताना पांढरा वर आणि लाल खाली, जाळं तळाला अडकलं तर दोन लाल. पर्ससीनवाल्याने (माशांच्या थव्याला गोल वेढा घालणारं जाळं वापरणाऱ्याने) जाळ्याने अडकलेला असताना आलटून पालटून लुकलुकणारे दोन पिवळे, प्रत्येकी एक सेकंद.

दिवसा काय?

एकमेकांना टोक लावलेले दोन काळे शंकू, एकाखाली एक. नांगरावर असाल तर पुढे एक काळा गोळा. शंकू जवळपास कोणीच लावत नाही, आणि मग जहाजवाल्याला ट्रॉलर मासेमारी करतेय की नुसती चाललीय हे कळत नाही. पत्र्याचे दोन शंकू कुठल्याही फॅब्रिकेटरकडे होतात. मोठ्या नौकेसाठी तळाचा व्यास किमान ६० सेंटीमीटर, २० मीटरपेक्षा लहान असेल तर त्या मानाने लहान चालतो.

भोंग्यांचे अर्थ काय?

एक आखूड, मी उजवीकडे वळतोय. दोन, डावीकडे. तीन, इंजिन उलटं चालवतोय. पाच किंवा जास्त, तुझं काय चाललंय ते मला कळत नाही. आखूड म्हणजे सुमारे एक सेकंद, लांब म्हणजे चार ते सहा. खाडीच्या वळणावर पलीकडचं दिसत नसेल तर एक लांब.

धुकं, किंवा पावसाची सर आली तर?

नियमच बदलतो, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दिसत नसेल तेव्हा ‘वाट कोणी द्यायची’ हा हिशेब उरत नाही, मासेमारी करणाऱ्याचा मानही नाही. दोघांनीही वेग कमी करायचा आणि इंजिन तयार ठेवायचं. पुढच्या बाजूने भोंगा ऐकू आला तर सुकाणू जेमतेम लागेल इतकाच वेग, गरज पडली तर पूर्ण थांबायचं. रडारवर पुढे दिसणाऱ्या नौकेसाठी डावीकडे वळायचं टाळायचं.

या शेवटच्या वाक्यामागे इतिहास आहे. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेटजवळ ‘आंद्रेआ दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही प्रवासी जहाजं आदळली. दोघांकडे रडार होतं, दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं. दोरिया धुक्यात वेगात होती आणि डावीकडे वळली, स्टॉकहोम उजवीकडे.

भोंगा दर दोन मिनिटांच्या आत. चालणाऱ्या यांत्रिक नौकेचा एक लांब, नांगर न टाकता पाण्यात थांबलेलीचे दोन लांब, मासेमारी करणारीचा एक लांब आणि दोन आखूड. १२ मीटरपेक्षा लहान होडीने थाळी वाजवली तरी चालते, पण दोन मिनिटांच्या आत आणि ऐकू जाईल अशी. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि ऑगस्टमध्ये निघणाऱ्यांना सरी हमखास भेटतात. हिवाळ्यात मुंबईच्या आसपास सकाळचं धुरकंही तितकंच फसवं असतं.

वायरलेसवर बोलून ठरवलं तर सोपं नाही का?

चॅनेल १६ वर ऐकत राहा, पण वळण वायरलेसवर ठरवू नका. ‘समोरच्या जहाजा’ म्हणून हाक मारलीत तर कोणतं जहाज उत्तर देतंय हे रात्री कळत नाही. भाषेचा गोंधळ वेगळाच. बोलण्यात गेलेली दोन मिनिटं म्हणजे जहाजाचे नऊशे मीटर. आधी नियमाप्रमाणे वळा, मग बोला.

जाळं टाकून नांगरावर झोपलो तर?

मासेमारी चालूच असेल तर नांगरावरही मासेमारीचेच दिवे, नांगराचा नाही. जाळं आत घेऊन नुसते नांगरावर असाल तर सगळीकडून दिसणारा एक पांढरा. पहारा दोन्ही वेळा हवा. जहाजांच्या नेहमीच्या वाटेवर नांगर टाकू नका. एआयएसवर किंवा दोन-तीन रात्री नुसतं पाहूनही ती वाट कळते.

जहाज धडकून किंवा जाळं कापून पुढे निघून गेलं तर?

पाण्यात माणूस असेल तर बाकी सगळं नंतर. चॅनेल १६ वर हाक, डीएटी (संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र) असेल तर त्याचं बटण दाबा, मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. लाल हातमशालही त्याच वेळी पेटवा, कोणी लांब असेल तर लाल रॉकेट सोडा. टकरीनंतर दोन्ही नौकांनी थांबून एकमेकींना मदत करणं आणि आपलं नाव व बंदर सांगणं कायद्याने बंधनकारक आहे.

ते थांबलं नाही तर लगेच लिहून ठेवा: घड्याळातली वेळ, जीपीएसवरची जागा, जहाजाचं नाव (ते नाळेच्या दोन्ही बाजूंना आणि मागे लिहिलेलं असतं), अंगाचा रंग, चिमणीवरची खूण, कुठल्या दिशेला गेलं. जीपीएसवर त्या जागेला खूण करा आणि पडद्याचा फोटो घ्या. एआयएस असेल तर त्यातला नऊ आकडी क्रमांक. तुटलेल्या दोराचं टोक फेकू नका, त्याला जहाजाच्या रंगाचा माग लागलेला असतो. हे घेऊन सागरी पोलीस ठाणं आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात त्याच दिवशी जा. जहाज दुसऱ्या बंदराला लागून रंगरंगोटी होण्याआधी तपास झाला तरच तो रंग जुळवता येतो.